रात्री साडेआठचा एकटेपणा

तुमचं म्हणणं आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला काय समजलं ते तुम्हाला ताडून पाहता येईल. बाबा ७४ वर्षांचे. चाळीसएक वर्षं व्यावसायिक रंगभूमीवर काढली, बहुतेक दुय्यम पण लक्षात राहणाऱ्या भूमिका. चार वर्षांपूर्वी एका प्रयोगात दुसऱ्या अंकात अडखळले. समोरच्या नटीनं सावरून घेतलं, पण त्यानंतर त्यांनी तब्येतीचं कारण सांगून नाटक सोडलं. दोन वर्षांपूर्वी आई गेल्या. ते डोंबिवलीत एकटे, तुम्ही पुण्यात. दुपारी चारला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसतात आणि कुठेच जात नाहीत. ज्येष्ठ नागरिक संघात एकदा गेले, पुन्हा पाऊल टाकलं नाही. नाटकाची तिकिटं काढून दिलीत तर शेजाऱ्यांना देऊन टाकली. गेल्या वर्षी तुम्ही खटपट करून त्यांचा सत्कार घडवून आणलात, तर त्यानंतर महिनाभर कोणाशी धड बोलले नाहीत. आणि तुम्ही विचारताय : टाळ्यांची सवय सुटत नाही म्हणून हे होतंय का? मुलगी म्हणून मी कुठे कमी पडतेय का?

मी १६ वर्षं व्यावसायिक नाटकांत कामं केली आणि गेली २१ वर्षं ज्येष्ठांसाठी समुपदेशक म्हणून काम करते आहे. त्यात नाटकातली माणसं बरीच येतात. तुमच्या बाबांना मी पाहिलेलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं त्यांना जसंच्या तसं लागू पडेल असं नाही. कुठे पडणार नाही तेही सांगत जाईन.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो मनात ठेवून तुम्ही काहीही केलंत तरी ते अपराधीपणातून होईल, आणि नटाच्या नजरेतून ते सुटत नाही. आपल्याकडे म्हाताऱ्या नटाचा विषय निघाला की ‘नटसम्राट’ आठवतं, आणि त्या नाटकात बापाच्या हालाला मुलं कारणीभूत आहेत. १९७० साली ते रंगमंचावर आलं. तेव्हापासून नटाच्या प्रत्येक मुलामुलीच्या मनात एक भीती बसली आहे : आपण त्यांच्यातले तर नाही ना? पण एवढं लक्षात घ्या की त्या नाटकातला म्हातारा नट, अप्पासाहेब बेलवलकर, पहिल्यांदा उभा करणारे डॉ. श्रीराम लागू तेव्हा ४३ वर्षांचे होते. ते म्हातारपण एका नाटककाराच्या आणि ऐन उमेदीतल्या एका नटाच्या कल्पनेतून उभं राहिलं. नाटक म्हणून ते फार मोठं आहे. तुमच्या घराचं निदान मात्र त्यातून करू नका. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक नटांची मुलं त्यांच्यावर जीव टाकतात. नट तरीही एकटेच असतात.

आता टाळ्या. हे कारण मलाही पूर्वी पटायचं. मग एक प्रॉम्प्टर आले. जन्मभर विंगेत बसून वही धरलेला माणूस, त्यांच्यासाठी कधी कोणी टाळी वाजवली नव्हती. पुढे एक रंगभूषाकार आले, मग दौऱ्याच्या बसबरोबर फिरून सेट लावणारे एक गृहस्थ. तिघांचीही तक्रार तीच : दुपारी चारनंतर जीव लागत नाही, संध्याकाळी कासावीस व्हायला होतं, रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही. ज्यांनी टाळी कधी घेतलीच नाही त्यांनाही हे होत असेल, तर मूळ टाळीत नाही. तुमचे बाबा दुय्यम भूमिका करायचे. एन्ट्रीला टाळी पडावी अशी त्यांची अपेक्षा बहुधा कधीच नव्हती.

मूळ आहे दिवसाच्या घडणीत. प्रयोगाचा दिवस आठवा. दुपारी थोडी झोप, चारला आंघोळ, बॅग, लोकल. सहा-साडेसहाला थिएटरवर. चहा, बटाटेवडा, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कोणाचे गुडघे दुखतायत. मेकअपच्या खुर्चीत अर्धा तास गप्प बसणं. पहिली घंटा, दुसरी, तिसरी. साडेआठला पडदा. दीडच्या सुमारास घरी, जेवण, आणि डोकं शांत व्हायला आणखी तासभर. शरीर चाळीस वर्षं याच घड्याळावर चाललं. रात्री साडेआठला त्यांचं रक्त सळसळायचं, तेव्हा इतरांच्या घरी पानं वाढलेली असायची. चारला ते दाढी करतात ती सवयीनं होते. त्यात तुम्हाला वेडेपणा वाटला असेल तर ती काळजी सोडा.

आणि याचीच दुसरी बाजू घराची आहे. सणावारी, शनिवार-रविवारी, मे महिन्यात, म्हणजे घर जेव्हा एकत्र असतं नेमकं तेव्हा नट प्रयोगात असतो. तुमचा अभ्यास, तुमची आजारपणं, संध्याकाळची जेवणं हे सगळं त्यांच्याशिवाय झालं. यात कोणाचीच चूक नाही. पण घरानं संध्याकाळ त्यांना वगळून रचली, आणि आता त्याच संध्याकाळी ते पाहुण्यासारखे बसलेत. आईंबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय : ‘ती बाबांसाठी रात्री जागी राहायची.’ मला वाटतं तुमच्या सबंध पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते आहे. त्यांच्या घड्याळात राहणारं शेवटचं माणूस आई होत्या. रात्री दीडला ताट वाढून ‘आज कसा झाला?’ असं विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. बायको गेल्याचं दुःख कोणालाही होतं, पण यांच्या बाबतीत त्याबरोबर रात्रही गेली.

नोकरदार माणसाला ५८ किंवा ६० ला निरोप समारंभ असतो. त्याला तारीख असते, फंड असतो, शेवटचा दिवस असतो. नटाला फक्त फोन येईनासा होतो. कधी येईनासा झाला हेही सांगता येत नाही, कारण दोन नाटकांच्या मध्ये रिकामे महिने कायमच असतात. चार महिने गेले तरी तो म्हणतो, येईल. वर्ष गेलं तरी दाढी चारलाच. पैसेही नाईटवर, म्हणजे प्रयोगागणिक, प्रयोग झाला तर मिळतात. जुन्या नाटक कंपन्यांचा काळ फार सुखाचा होता असं मी म्हणणार नाही. कंपन्या बुडायच्या आणि माणसं परगावी अडकून पडायची. पण किर्लोस्कर किंवा गंधर्व नाटक मंडळीत माणसं एकाच बिऱ्हाडात राहायची, एका पंगतीत जेवायची. १९३० नंतर बोलपटांनी त्या कंपन्या मोडल्या. त्यानंतरचा नट घरून येतो, काम करतो, एकटा घरी जातो. मंडळी उरतात ती फक्त प्रयोगापुरती, आणि प्रयोग थांबला की तीही नाहीत.

आता त्या अडखळण्याबद्दल. तुम्ही ‘संवाद विसरले’ असं लिहिलंय. मी विचारीन : विसरले, की त्यांना आधीचं वाक्य ऐकूच आलं नाही?

नट पाठ केलेलं बोलतो ते पुस्तक वाचल्यासारखं सलग बोलत नाही. समोरच्याच्या शेवटच्या शब्दावर, म्हणजे क्यूवर, त्याचं वाक्य टांगलेलं असतं. तो शब्द आला की पाऊल पुढे पडतं, हात खुर्चीवर जातो, आणि वाक्य आपोआप तोंडात येतं. वयानुसार कान जातात ते आधी वरच्या पट्टीत. स, श, फ, त अशी व्यंजनं पुसट होतात. आवाज येतो, पण शब्द उमटत नाहीत. त्यात समोरची नटी पाठमोरी असेल, पंखे चालू असतील, प्रेक्षागृहात हशा असेल, तर तो शेवटचा शब्द हरवतो आणि त्याला टांगलेलं सगळं कोसळतं. प्रॉम्प्टरचं कुजबुजणं तर आधीच ऐकू येईनासं झालेलं असतं. नटाला वाटतं, डोकं गेलं. तो घाबरतो, कोणाला सांगत नाही, आणि मानानं बाहेर पडायचं म्हणून रक्तदाबाचं नाव पुढे करतो.

हे मी कल्पनेनं सांगत नाही. माझ्याबरोबर काम केलेले एक नट असेच थांबले. सहा वर्षांनी आमच्याकडे आले तेव्हा स्मरणाच्या चाचण्यांत त्यांचं सगळं वयाला साजेसं निघालं, आणि ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात, दोन्ही कान वरच्या पट्टीत चांगलेच खाली गेलेले. ‘म्हणजे मी विसरलो नव्हतो?’ असं त्यांनी मला तीनदा विचारलं. सहा वर्षं त्या माणसानं स्वतःला डोकं गेलेला समजून काढली होती. (डॉ. लागू मुळात कान-नाक-घशाचे डॉक्टर होते, हे अशा वेळी मी नटांना मुद्दाम सांगते. कानाच्या डॉक्टरकडे जायला त्यानं थोडा धीर येतो.)

कानांचा एकटेपणाशी थेट संबंध आहे. ज्येष्ठ नागरिक संघाचा हॉल डोळ्यांसमोर आणा : घुमणारा आवाज, वीस माणसं एकदम बोलतायत. ज्याला शब्द उमटत नाहीत तो तिथे हसऱ्या चेहऱ्यानं तासभर बसतो आणि पुन्हा जात नाही. बाहेरून ते माणूसघाणेपण दिसतं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं स्मृतिभ्रंशावर नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगानंही बहिरेपणाला, ज्यावर वेळीच काही करता येतं अशा धोक्यांमध्ये गणलं आहे. म्हणून पहिलं काम कानांची तपासणी. त्यांना नेताना ‘तुम्हाला ऐकू येत नाही’ असं म्हणू नका. ‘त्या दिवशी क्यू ऐकू आला होता का, एवढंच बघू या,’ असं म्हणा.

कान उत्तम निघाले तर माझा अंदाज चुकला, आणि मग वाट वेगळी. संवाद अडखळणं एक, आणि वीजबिल दोनदा भरणं, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळणं, तीच गोष्ट दहा मिनिटांत पुन्हा सांगणं हे दुसरं. दुसऱ्या प्रकारचं काही दिसत असेल तर न्यूरॉलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञाला दाखवा. सोबत बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या, कारण दोन्हींच्या कमतरतेनं विसरभोळेपणा येऊ शकतो आणि त्यावर औषध आहे. जेवण तुटलंय, वजन उतरतंय, दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन नाही, ‘आता कशाला जगायचं’ अशी भाषा आहे, तर ते नैराश्य असू शकतं. त्यासाठी माझ्यासारखीच्या लेखी उत्तराची वाट पाहू नका. १४४१६ हा सरकारचा मानसिक आरोग्यासाठीचा टेली-मानस क्रमांक आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. आणखी एक विचारते, राग मानू नका. प्रयोगानंतर पिण्याची सवय होती का? आपल्या व्यवसायात ती बऱ्याच जणांना असते. एकटेपणी प्रयोग जातात आणि पेला राहतो. असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा.

मग सत्कारानं ते का मिटले? सत्काराची भाषणं आठवून बघा. ‘ते नट होते. त्यांचा आवाज खणखणीत होता. त्यांचं टायमिंग असं होतं.’ सगळी वाक्यं ‘होते’वर संपतात. ज्याला अजून फोनची वाट आहे, त्याच्या खांद्यावर शाल घालून आपण त्याला सांगतो की फोन येणार नाही. तुमचा हेतू प्रेमाचाच होता, आणि तेही त्यांना कळलं असणार, म्हणूनच तर तुमच्यावर रागावता आलं नाही आणि ते गप्प झाले.

तिकिटांचंही तसंच. नटाला नाटक प्रेक्षागृहातून बघायला बसवणं सोपं नसतं. इथे माझी एक चूक सांगते. एका ज्येष्ठ नटाला मी आग्रहानं त्यांच्याच जुन्या नाटकाच्या पुनरुज्जीवित प्रयोगाला नेलं. त्यांची भूमिका एक तरुण मुलगा करत होता, आणि चांगली करत होता. मध्यंतरातच ते म्हणाले, ‘घरी सोड.’ पुढे दोन दिवस जेवले नाहीत. आता मी असं कोणालाही सुचवत नाही. पण काही जण प्रेक्षागृहात न बसता मेकअपरूममध्ये तासभर बसून येतात आणि त्यांना बरं वाटतं. तुमचे बाबा कोणत्या जातकुळीचे हे तुम्हालाच ठरवावं लागेल. ओळखीचा एखादा व्यवस्थापक असेल तर ‘नुसतं चहाला या’ असं त्याच्याकडून बोलावणं येऊ द्या.

मग करायचं काय? माझ्या अनुभवात नटाला प्रयोगाहून तालीम जास्त आधार देते. प्रयोगात लोक बघतात. तालमीत ठरलेल्या वेळी तुमची गरज असते, आणि तुम्ही नाही आलात तर बाकीच्यांचं काम अडतं. पुण्यात आम्ही आठ-दहा जण दर बुधवारी अभिवाचनाला बसतो. वेळ पाच म्हणजे पाच. संहिता हातात, मोठ्या टाइपात छापलेली, त्यामुळे विसरण्याची भीती नाही. खुर्च्या अर्धवर्तुळात, प्रत्येकाला प्रत्येकाचं तोंड दिसेल अशा, त्यामुळे कान कमजोर असलेल्यांना ओठ बघता येतात. पंखा बंद. भूमिका आवाजावरून वाटायची, वयावरून नाही. ७८ वर्षांचे एक जण गेल्या पावसाळ्यात विशीतल्या मुलाचं काम वाचत होते. पहिले सहा महिने प्रेक्षक नाहीत, मग वाटलं तर एखाद्या वाचनालयात. एका बुधवारी एकांचा फोन आला, ताप आहे, येत नाही. ठेवता ठेवता थांबले आणि विचारलं, ‘माझी बदली कोण वाचणार?’ चार वर्षं त्यांना ‘बदली’ हा शब्द उच्चारायची वेळच आली नव्हती.

डोंबिवलीत असा गट नसेल तर तो दोन माणसांचाही होतो. जवळच्या एखाद्या महाविद्यालयाचा एकांकिकेचा संघ शोधा. मुंबई-पुण्यात एकांकिका स्पर्धांना तोटा नाही, आणि ‘श’ आणि ‘ष’, श्वास, मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणं यांत ही मुलं कच्ची असतात. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संस्थाही आहेत. पण त्यांच्याकडून ‘मार्गदर्शन करा’ असं बोलावणं नको. मार्गदर्शन म्हणजे पुन्हा शाल-श्रीफळ. ‘मंगळवारी सहा वाजता या, या मुलीचं स्वगत शेवटी पडतंय, बघता का?’ असं नेमकं काम हवं. नेमकी वेळ, नेमकं माणूस, नेमकी अडचण. अमेरिकेत हेल्गा आणि टोनी नॉइस या जोडप्यानं व्यावसायिक नट नसलेल्या वृद्धांना चार आठवडे अभिनयाचं शिक्षण दिलं, तर त्यांचं स्मरण सुधारलेलं दिसलं. नवखे वृद्ध एवढ्यात सुधारत असतील, तर ज्याचं आयुष्य यात गेलं त्याला आपण भजनी मंडळाकडे का पाठवावं? भजन आवडत असेल तर गोष्ट निराळी.

पैशांबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, बहुधा संकोचानं. राज्य सरकार ज्येष्ठ कलावंतांना दरमहा मानधन देतं. ती योजना आता राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं आहे आणि रक्कम महिना ५,००० रुपये. वय आणि उत्पन्नाच्या अटी आहेत, कामाचे पुरावे लागतात. जुनी जाहिराती-कात्रणं, करारपत्रं फेकू नका. उत्पन्नात बसत असतील तर अर्ज करा. ‘मदत’ म्हणालात तर ते नाही म्हणतील. ‘मानधन’ हा शब्द त्यांच्या ओळखीचा आहे, तोच वापरा.

तुमच्या जागी एखाद्या नटीची मुलगी असती तर मी बरंच वेगळं लिहिलं असतं. नटीला फोन येईनासा होतो तो चाळिशीतच. मग आईच्या, सासूच्या भूमिका, त्याही मोजक्या. म्हातारपणाचा धक्का तिला वीस वर्षं आधी बसलेला असतो. पण प्रयोगाला निघतानाही कुकर लावून निघालेली असल्यामुळे घराची संध्याकाळ तिला अनोळखी नसते. तिची माणसं टिकतात. तिला सलते ती बाब वेगळी : आपण कधी नट होतो हे घरातल्यांना आठवतच नाही.

आता तुमच्या हातात आज काय आहे ते. तुम्ही रोज दुपारी ऑफिसातून फोन करता असं लिहिलंय. तो रात्री साडेआठला करा. दहा मिनिटं पुरतात. आणि ‘जेवलात का, गोळी घेतलीत का’ नको. त्या वेळी त्यांच्या आयुष्यात जेवण कधीच नव्हतं. तुमचा मुलगा सातवीत आहे ना? शाळेतली कविता तो त्यांना फोनवर म्हणून दाखवू दे आणि कुठे थांबायचं ते विचारू दे. पहिल्या दिवशी ते ‘छान’ म्हणून ठेवून देतील. चौथ्या-पाचव्या दिवशी दुरुस्ती करतील. पॉज चुकला म्हणून रागावले तर समजा गाडी रुळावर आली, आणि मुलाला आधीच सांगून ठेवा की आजोबा रागावतील. ते रात्री दोनपर्यंत जागतात म्हणून दहाला झोपवायचा आग्रह सोडा. डॉक्टरांची हरकत नसेल तर उशिरा झोपू दे, उशिरा उठू दे. पुण्याला याल का असं इतक्यात विचारू नका. डोंबिवलीहून दादरला जाणारी लोकल त्यांच्या घराजवळून जाते, आणि सध्या तेवढाही धागा मला मोलाचा वाटतो.

सगळं एकदम नको. आधी कान, आणि आज रात्रीपासून साडेआठचा फोन. संघ शोधणं, अभिवाचन, अर्ज हे महिनाभरानं. ऑडिओग्राम झाला की त्यावर दोन्ही कानांचे आकडे असतील, ते मला लिहून कळवा. त्या दिवशीचा दुसरा अंक नेमका कुठे तुटला ते बाबा सांगायला तयार झाले, तर तेही.